जावाचे ६७ क्लास रस्टमध्ये नेताना

३ फेब्रुवारी २०२५ च्या सोमवारी माझ्या नावावर एक तिकीट (कामाची नोंद) पडलं. ‘जुना पार्सर जावातून रस्टमध्ये आणणे, अंदाजे ४ आठवडे.’ जावा आणि रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषा, आणि पार्सर म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्राम. अंदाज माझाच होता, त्यामुळे कोणाला बोल लावायची सोय नव्हती. काम संपलं १६ मे रोजी. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून १०३ दिवस.

या दिवसांत कितीदा तरी वाटलं की कोणीतरी हे आधी करून लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. रस्टचं व्याकरण समजावणारं पुष्कळ सापडतं. पण जावाचा एक कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) समोर ठेवून ‘आता याचं काय करू?’ म्हणत बसलेल्या माणसासाठी मला तरी फार थोडं सापडलं. म्हणून हे घडलं तसं लिहिते आहे.

प्रोग्राम तसा साधा. खुणा घातलेला मजकूर वाचायचा, त्याचं झाड, म्हणजे पालकाखाली पोरं अशी रचना, बनवायचं आणि त्या झाडावरून पानं आखायची. परिच्छेद, मथळा, तक्ता, चित्र, प्रत्येकाचा एक नोड. सगळा कोड जावा ८ वर लिहिलेला, ६७ क्लास (ऑब्जेक्टचे साचे), ११८ कन्स्ट्रक्टर. आमचा बाकीचा प्रोग्राम रस्टमध्ये होता आणि एवढ्याशा वाचनासाठी दर वेळी जावा चालवणारं वेगळं व्हर्च्युअल मशीन उठवावं लागायचं. ते थांबवायचं होतं. मला जावाची सवय दहा वर्षांची, रस्टची आठ महिन्यांची.

पहिला आठवडा मी रस्टची एक ओळही लिहिली नाही, आणि हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा ठरला. एक तक्ता केला. प्रत्येक कन्स्ट्रक्टरसमोर चार रकाने: याला कोण बोलावतं, हा काय घेतो, काय तपासतो, आणि स्वतःच्या ऑब्जेक्टबाहेर कशाला हात लावतो. तक्ता भरायला तीन दिवस गेले. चौथा रकाना बहुतेक रिकामा राहील असं वाटलं होतं. ३४ ठिकाणी तो भरला. कोणी सामायिक मोजणीत एक वाढवत होता, कोणी स्वतःला पालकाच्या यादीत घालत होता, एक तर चक्क फाइल उघडून बसला होता. सुरुवातीची मूल्यं भरणं एवढंच कन्स्ट्रक्टरचं काम असतं असं आपण शिकतो. या कोडमध्ये ते त्याच्या कामांपैकी सगळ्यात छोटं काम होतं.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट कळली. २३ कन्स्ट्रक्टरांना कोणीच बोलावत नव्हतं. मेलेला कोड कशाला वाहून न्यायचा, म्हणून मी ते आधी जावातूनच काढले. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. ११ फेब्रुवारीला मर्ज झालं (मुख्य कोडमध्ये मिसळलं) आणि १३ तारखेला तक्रार आली: प्रोग्राम सुरूच होत नाही, ‘नोसचमेथडएक्सेप्शन’, म्हणजे ‘असं फंक्शन नाही’ ही चूक, येतंय. एका सेटिंगच्या फाइलमध्ये क्लासची नावं अक्षरशः मजकूर म्हणून लिहिलेली होती. लोडर ती वाचायचा आणि त्या क्लासचा बिनपॅरामीटरचा (काहीही न घेणारा) कन्स्ट्रक्टर रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून, शोधून चालवायचा. एडिटरच्या ‘कुठे वापरलं’ या यादीत असली हाक दिसत नाही. टेस्टमध्ये ती फाइल कोणी वापरलीच नव्हती. चार कन्स्ट्रक्टर परत आणले, माफीची मेल लिहिली. तुमच्या कोडमध्ये रिफ्लेक्शन असेल तर काहीही ‘न वापरलेलं’ म्हणण्याआधी सेटिंगच्या फाइलींमध्येही क्लासचं नाव शोधा. रस्टमध्ये असं रिफ्लेक्शन नाहीच, त्यामुळे तिथे पुढे एक साधा ‘मॅच’ लिहिला: हे नाव आलं तर हे फंक्शन. नवा नोड आला की तिथे एक ओळ वाढवावी लागते. मला ते आवडलं, कारण यादी निदान डोळ्यांसमोर असते.

याच सुमारास बाहेरच्या लायब्ररींच्या परवानगीचं प्रकरण सुरू झालं. आमच्याकडे बाहेरचं प्रत्येक क्रेट (रस्टची लायब्ररी) वापरण्यापूर्वी एक फॉर्म भरावा लागतो: परवाना कोणता, शेवटची आवृत्ती कधीची, त्याच्या पोटात आणखी कोणती क्रेट्स आहेत, पर्याय पाहिले का. मी सहा मागितली. रस्टची बरीच क्रेट्स एमआयटी किंवा अपाची २.० अशा दुहेरी परवान्याखाली असतात, आणि फॉर्ममध्ये परवान्याचा एकच पर्याय निवडता यायचा. त्यावरून दोनदा फॉर्म परत आला. एकूण ११ दिवस. सहापैकी चार मंजूर झाली. उरलेल्या दोघांवाचून काहीही अडलं नाही हे नंतर कळलं. असे फॉर्म असतील तर पहिल्याच दिवशी भरा, आणि पोटातल्या क्रेट्सची यादी रस्टची ‘कार्गो ट्री’ ही आज्ञा चालवून तयार ठेवा.

थांबलेल्या त्या दिवसांत सोपे क्लास हाती घेतले. जावात कन्स्ट्रक्टरला नाव नसतं. क्लासचं नाव तेच त्याचं. एका क्लासचे पाच कन्स्ट्रक्टर असले तर ते केवळ पॅरामीटरवरून ओळखायचे. रस्टमध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं चालत नाहीत आणि पॅरामीटरला आपोआप मिळणारं मूल्यही नाही. कन्स्ट्रक्टर नावाची गोष्टच नाही. स्ट्रक्ट (रस्टमधला फील्डांचा, म्हणजे माहितीच्या खणांचा, गट) तयार करायचा म्हणजे सगळी फील्ड एका दमात भरायची. एक जरी राहिलं तरी कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) ई००६३ ही चूक देतो. ‘न्यू’ हे नाव द्यायचं ते निव्वळ प्रथेने. गंमत म्हणजे ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये ‘सी विथ क्लासेस’ (सी++ भाषेचं आधीचं रूप) सुरू केलं तेव्हा त्यातही कन्स्ट्रक्टरच्या फंक्शनचं नाव ‘न्यू’ हेच असायचं. वर्तुळ पूर्ण झालं म्हणायचं.

तर आता प्रत्येकाचं बारसं करणं आलं. मथळ्याचे पाच कन्स्ट्रक्टर होते. तीन सहज निघाले: ‘मजकुरातून’, ‘पातळीसह’, ‘रिकामा’. चौथा एक इंट (पूर्णांक), एक बूलियन (हो किंवा नाही), एक इंट घ्यायचा. पाचवा एक इंट, आणखी एक इंट आणि मग बूलियन. दोघांत फरक काय ते अर्धा दिवस कळेना. शेवटी सापडलं: एकात दुसरा आकडा म्हणजे पातळी, दुसऱ्यात क्रमांक. तीन ठिकाणी बोलावणाऱ्यानेही गल्लत केली होती आणि ती वर्षानुवर्षं तशीच चालली होती, कारण तिथे दोन्ही आकडे १ असायचे. मी नावांचं भाषांतर करायला बसले होते आणि न ठेवलेली नावं हुडकत बसले. ज्या कन्स्ट्रक्टरला नाव सुचत नाही तो नेमकं काय करतो ते आपल्याला कळलेलं नसतं. माझ्या बाबतीत हे दर वेळी खरं निघालं.

पॅरामीटर पाचाहून जास्त असतील तिथे बिल्डर (फील्ड एकेक करून भरत नेणारी रचना) केला. दोन-तीनच असतील तिथे नाही. बिल्डरचा मोह पडतो, विशेषतः जावाकडून येणाऱ्याला, पण त्यात एखादं फील्ड भरायचं राहिलं तर ते पुन्हा प्रोग्राम चालवल्यावरच कळतं. म्हणजे कंपायलरने फुकट दिलेली तपासणी आपणच परत करून टाकायची.

२० फेब्रुवारीला रस्ट १.८५ आलं आणि सोबत २०२४ एडिशन (भाषेच्या नियमांचा नवा संच). टीममध्ये अर्धा तास चर्चा झाली की आत्ताच बदलायचं का. मी नको म्हणाले. एका वेळी एकच भाषांतर पुरे. आम्ही २०२१ वरच राहिलो आणि सगळं झाल्यावर एका दुपारात एडिशन बदलली.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिला पॅनिक (रस्ट प्रोग्रामचं मधेच कोसळणं) बघितला. कारण होतं देवनागरी. नोडला एक लेबल असतं, आणि जावाचा कन्स्ट्रक्टर ते ४० अक्षरांवर कापायचा. मी रस्टमध्ये तेच केलं, पहिल्या ४० पर्यंतचा तुकडा घेतला. इंग्रजी मजकुरावर सगळं ठीक. देवनागरी लेबल आलं आणि प्रोग्राम कोसळला. जावा स्ट्रिंगची (मजकुराची) लांबी यूटीएफ-१६ च्या घटकांत मोजतं, रस्ट यूटीएफ-८ च्या बाइटमध्ये; या अक्षरं साठवण्याच्या दोन पद्धती. ‘नाव’ या शब्दाची लांबी जावा ३ सांगतं आणि रस्ट ९, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. एकही जागा न सोडता लिहिलेल्या देवनागरीत ४० वा बाइट हमखास एखाद्या चिन्हाच्या पोटात पडतो आणि रस्ट तिथे कापायला नकार देतं. ३९ असता तर वाचले असते, आणि चूक तशीच राहिली असती. उपाय सोपा: ‘चार्स’ने, म्हणजे बाइटऐवजी चिन्हं मोजून, पहिले ४० घ्यायचे. इमोजी असतील तर तरीही फरक पडतो, साधा एकटा इमोजी जावा दोन मोजतं आणि ‘चार्स’ एक. आमच्या लेबलांत इमोजी नव्हते, सोडून दिलं. मराठी आपली भाषा असून टेस्टमध्ये एकही मराठी लेबल नव्हतं, याची मात्र लाज वाटली.

आता झाडाकडे येते. इथे माझे जवळपास तीन आठवडे गेले.

जावामध्ये पोराचा कन्स्ट्रक्टर पालक घ्यायचा आणि शेवटच्या ओळीत पालकाला सांगायचा: ‘धिस’ला (म्हणजे मला) तुझ्या यादीत घाल. पालकाकडे पोरांची यादी, पोराकडे पालकाचा पत्ता. जावात हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही खटकत नाही. रस्टमध्ये हे लिहायला घेतलं आणि हातच थांबला, कारण तिथे अर्धवट तयार झालेलं ‘धिस’ अशी अवस्थाच नाही. स्ट्रक्ट पूर्ण होतो तेव्हाच तो असतो. त्याआधी द्यायला काही नसतं.

पहिला प्रयत्न: सगळं ‘आरसी’ आणि ‘रेफसेल’मध्ये (एकच वस्तू अनेकांना धरू आणि बदलू देणारे रस्टचे टाइप) गुंडाळायचं, पालकाचा पत्ता ‘वीक’ (मालकी नसलेला) ठेवायचा. कंपाइल झालं. मी घरी खुशीत गेले. दुसऱ्या दिवशी चालवलं तर तिसऱ्याच फाइलवर पॅनिक, ‘आधीच उसना घेतलेला आहे’ अशा अर्थाचा. रस्टमध्ये कोणी उसनी घेतलेली वस्तू त्याच वेळी दुसऱ्याला बदलता येत नाही. झाडावरून फिरताना पालक उसना घेतलेला असायचा, आणि फिरता फिरता एखादा नवा नोड जन्मला की तो त्याच पालकाला बदलायला मागायचा. एक जागा दुरुस्त केली की दुसरी उगवायची. आठ दिवस मी हा खेळ खेळले. रात्री झोपेत उसनवारीची स्वप्नं पडायची. एका शुक्रवारी सहकारिणीला सगळं दाखवलं. ती पाच मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, “अगं, पण पोर पालकाला कशाला सांगतंय मी आलो म्हणून? झाड कोणाच्या मालकीचं आहे?”

याचं उत्तर जावाच्या कोडमध्ये कुठेच नव्हतं. सगळे एकमेकांना धरून होते आणि कचरा उचलणारा (नको असलेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) मागून येणारच होता, त्यामुळे मालकी कोणी ठरवलीच नव्हती. १७ मार्चला मी ते सगळं मोडलं. आता एकच ‘झाड’ नावाचा स्ट्रक्ट, त्यात नोडांचा एक ‘वेक’ (रस्टमधली यादी), आणि नोड एकमेकांना त्यातल्या क्रमांकाने ओळखतात. क्रमांक साधा आकडा न ठेवता त्याचा वेगळा टाइप केला, म्हणजे भलताच आकडा तिथे जाणार नाही. पोराचा कन्स्ट्रक्टर संपलाच. त्याऐवजी झाडावर एक मेथड (फंक्शन): या पालकाखाली हा मजकूर जोड, आणि नवा क्रमांक परत दे. चौथ्या रकान्यातल्या ३४ पैकी १९ नोंदी या एका बदलात निकाली निघाल्या. सामायिक मोजणीही गेली, कारण नोडचा क्रमांक आता झाडच देतं. ती मोजणी जावासारखी जागतिक (सगळ्या प्रोग्रामसाठी एकच) ठेवली असती तर वेगळाच त्रास झाला असता, ‘कार्गो टेस्ट’ टेस्ट एकाच वेळी अनेक थ्रेडमध्ये चालवतं आणि क्रमांक दर वेळी निराळे आले असते.

तुमच्याकडे एकमेकांना धरलेले ऑब्जेक्ट असतील तर ‘आरसी’ला हात लावण्याआधी हा ‘वेक’चा मार्ग बघा. ‘आरसी’ वाईट नाही, पण जावाची सवय जशीच्या तशी चालू ठेवायची मुभा ते देतं आणि तिथेच माणूस फसतो.

वारसा हक्काचं, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याकडून फील्ड आणि मेथड घेण्याचं, प्रकरण त्यामानाने लवकर उरकलं. मूळ ‘नोड’ क्लासमधली सामायिक फील्ड एका वेगळ्या स्ट्रक्टमध्ये, आणि अकरा प्रकार एका एनममध्ये (ठरावीक पर्यायांचा टाइप). ‘सुपर’ची (पालक क्लासच्या कन्स्ट्रक्टरची) हाक म्हणजे तो सामायिक भाग आधी तयार करून आत ठेवणं. जावात ‘सुपर’ ही कन्स्ट्रक्टरची पहिलीच ओळ असावी लागायची, त्यामुळे जुन्या कोडमध्ये तपासणी करायची असली की ‘सुपर’च्या कंसातच एखादी स्टॅटिक मेथड कोंबलेली असायची. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ ने ती अट सैल केली आहे. रस्टमध्ये ती तपासणी एक साधी ओळ झाली. चुकीच्या मूल्यावर एक्सेप्शन फेकणारे कन्स्ट्रक्टर ‘रिझल्ट’ (एकतर मूल्य, नाहीतर चूक) परत देऊ लागले. हाक मारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एक प्रश्नचिन्ह वाढलं, कंटाळवाणं काम, दोन दिवसांत संपलं.

‘नल’चं, म्हणजे मूल्यच नसण्याचं, तसं नाही. जावातली बरीच फील्ड जन्माच्या वेळी ‘नल’ असायची आणि पुढे कधीतरी सेटरने भरली जायची. पहिल्या खर्ड्यात मी अशा प्रत्येक फील्डला ‘ऑप्शन’ (मूल्य असेल किंवा नसेल असा टाइप) केलं आणि कोडभर त्याच त्या तपासण्या पसरल्या. मग लक्षात आलं की ‘नल’ असण्याचे दोनच काळ आहेत: पान आखण्याआधी आणि आखल्यानंतर. दोन वेगळे स्ट्रक्ट केले, ‘वाचलेला नोड’ आणि ‘आखलेला नोड’. बहुतेक ‘ऑप्शन’ आपोआप गळून पडले.

२४ मार्च ते ४ एप्रिल फ्रीझ होता, काहीही मर्ज करायचं नाही. माझ्या सात पुल रिक्वेस्ट (कोड मर्ज करण्याच्या विनंत्या) रांगेत अडकल्या. आमच्याकडे एका रिक्वेस्टमध्ये ४०० ओळींहून जास्त बदल चालत नाहीत आणि दोन जणांची मान्यता लागते. झाड मोडून नवं केलं ते ४०० ओळींत मावणं शक्य नव्हतं. सवलतीसाठी वेगळी विनंती, त्यावर एक मीटिंग, मीटिंगमध्ये ‘हे तुकड्यांत करता येणार नाही का?’ आणि माझं ‘अर्धं झाड चालत नाही’. सवलत मिळाली ८ एप्रिलला. चिडचिड खूप झाली हे कबूल करते. पण मोकळ्या मिळालेल्या त्या दोन आठवड्यांत मी जुन्या आणि नव्या प्रोग्रामचं काम शेजारी ठेवून ताडून पाहणारी टेस्ट लिहिली, आणि तिने पुढचं सगळं वाचवलं. खऱ्या वापरातल्या ३८० फाइल घेतल्या, दोन्हीकडून चालवल्या, निकाल अक्षरशः सारखा आहे का बघितला.

पहिल्या दिवशी ३८० पैकी १५२ जुळेनात. बहुतेक कारणं किरकोळ होती. रस्टचा ‘हॅशमॅप’ दर वेळी वेगळ्या क्रमाने फिरतो, तिथे क्रम राखणारा ‘बीट्रीमॅप’ घातला. अर्ध्यावरचे ऋण आकडे दोन्ही भाषा वेगळ्या दिशेने पूर्णांकात नेतात: जावाचं ‘मॅथ राउंड’ उणे २.५ चं उणे २ करतं, रस्टचं ‘राउंड’ उणे ३. हे सगळं निस्तरल्यावर ४१ फाइल उरल्या. सगळ्यांत तक्ते होते आणि सगळ्यांत स्तंभांची संख्या चुकत होती. माझ्या मते माझा कोड बरोबर होता. फाइलमध्ये लिहिलंय ‘स्तंभ ३’, माझा प्रोग्राम तीन आखतो. जावाचा मात्र चार आखायचा.

दोन दिवस मी जावाचा तो क्लास वाचत होते. सांगते, कारण हे कुठल्याही जुन्या कोडमध्ये दबा धरून बसलेलं असू शकतं. पालक क्लासचा कन्स्ट्रक्टर ‘गुणधर्म वाच’ नावाची मेथड चालवायचा. तक्त्याच्या क्लासने ती ओव्हरराइड केली होती (तिच्या जागी स्वतःची घातली होती), आणि त्यात फाइलमधला आकडा ‘स्तंभ’ या फील्डमध्ये जायचा. इथवर ठीक. पण त्या फील्डच्या घोषणेत ‘स्तंभ बरोबर ०’ असं लिहिलेलं होतं. जावाचा क्रम असा असतो: आधी पालकाचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो, मग पोराच्या फील्डसमोर लिहिलेली मूल्यं भरली जातात, मग पोराच्या कन्स्ट्रक्टरचा उरलेला भाग. म्हणजे पालकाच्या काळात वाचून ठेवलेला ३ हा आकडा नंतर त्या ‘बरोबर ०’ ने पुसला जायचा. इंट फील्डचं मूल्य न लिहिताही शून्यच असतं, त्यामुळे लिहिलं काय, न लिहिलं काय, सारखंच असं आपण समजतो. इथे सारखं नव्हतं. न लिहिलेलं शून्य जन्माआधीचं असतं, लिहिलेलं शून्य मागून येतं.

पुढे आखणी करणारा कोड शून्य बघून म्हणायचा, माहीत नाही वाटतं, मग पहिल्या ओळीतले रकाने मोजू. म्हणजे फाइलमधला स्तंभांचा आकडा आजवर कोणी वापरलाच नव्हता. लोकांनी तक्ते वाढवले, आकडा तसाच जुना राहिला, आणि काहीच बिघडलं नाही. माझ्या कोडने तो पहिल्यांदा मनावर घेतला.

हा कोड मूळ ज्यांनी लिहिला ते केव्हाच दुसरीकडे गेले आहेत. टीमलीडकडून नंबर घेऊन फोन केला. मी विचारलं, “सर, ते शून्य मुद्दाम होतं का?” ते बराच वेळ हसले. “अहो, सवय होती. फील्ड लिहिलं की शून्य लिहायचं. सी मधून आलो होतो ना.”

रिव्ह्यूमध्ये यावर सगळ्यात लांब वाद झाला. एकाचं म्हणणं, नवा कोड बरोबर आहे, फाइली दुरुस्त करा. मी म्हटलं, नाही. भाषांतराच्या कामात सुधारणा मिसळली की उद्या काही बिघडल्यावर ते भाषा बदलल्यामुळे की वागणूक बदलल्यामुळे हे कोणीच सांगू शकणार नाही. मी वाचलेला आकडा टाकून द्यायची एक ओळ मुद्दाम रस्टमध्ये घातली, वर सहा ओळींची टीप लिहिली, आणि दुरुस्तीचं वेगळं तिकीट उघडलं. चुकीचा कोड समजून उमजून लिहिताना हात आवडीने चालत नाही. पण ३८० पैकी ३८० जुळल्या, २९ एप्रिलला. त्या संध्याकाळी मी तो हिरवा आकडा दोनदा रिफ्रेश करून बघितला.

हाच क्लास आधी कोड लिहून देणाऱ्या एका यंत्रसहाय्यकाकडे देऊन बघितला होता, तेही सांगायला हवं. त्याने दिलेला रस्ट कोड सुबक होता, पहिल्या फटक्यात कंपाइल झाला. शून्याच्या भानगडीचा त्यात मागमूस नव्हता. साधे क्लास त्याच्याकडून करून घेतले तर वेळ वाचतो. ‘सुपर’ आणि ओव्हरराइड एकत्र आले की स्वतः बसा.

शेवटचा धक्का मे महिन्यात बसला. तयार झाड डिस्कवर साठवून परत वाचण्यासाठी ‘सर्डी’ हे क्रेट वापरलं होतं. माझ्या ‘न्यू’मध्ये मथळ्याची पातळी १ ते ६ आहे का ही तपासणी होती. एका टेस्टमध्ये मी मुद्दाम ९ लिहिलेली फाइल वाचायला दिली आणि ती बिनतक्रार वाचली गेली. ‘सर्डी’चं आपोआप तयार होणारं वाचन सरळ फील्ड भरतं, तुमच्या ‘न्यू’च्या दारातून ते येतच नाही. जावाचं सीरियलायझेशनही (ऑब्जेक्ट साठवण्याची सोय) परत वाचताना त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालवत नाही, म्हणजे हे भोक जुन्या कोडमध्येही होतंच. ‘सर्डी’मध्ये ‘ट्रायफ्रॉम’ची सोय आहे, आधी साध्या स्ट्रक्टमध्ये वाचायचं आणि मग तपासून खऱ्यात न्यायचं. चार टाइपांना ते लावलं. दुसरी पळवाट मॉड्यूलची (कोडच्या कप्प्याची): रस्टमध्ये खाजगी फील्ड हे मॉड्यूलपुरतं खाजगी असतं. मी सुरुवातीला सगळे स्ट्रक्ट एकाच फाइलमध्ये लिहिले होते, आणि तिथे कोणीही ‘न्यू’ला वळसा घालून थेट फील्ड भरू शकत होतं. तीन ठिकाणी मीच भरली होती. प्रत्येकाला वेगळं मॉड्यूल दिल्यावर कंपायलरने ई०४५१ म्हणत तिन्ही पकडून दिली.

१६ मे, शुक्रवार, दुपारी चारला शेवटची रिक्वेस्ट मर्ज झाली. जावाची रेपॉझिटरी (कोडचा साठा) फक्त वाचण्यापुरती केली. ११८ कन्स्ट्रक्टरांची रस्टमध्ये ५२ फंक्शनं झाली. पहिल्या आठवड्यातला तो तक्ता मी अजून ठेवला आहे, चौथ्या रकान्यासकट.

तक्त्याच्या स्तंभांचं तिकीट अजून उघडं आहे. ४१ फाइलींपैकी २९ मध्ये आकडा दुरुस्त झालाय, उरलेल्या बारा ज्यांच्या आहेत त्यांच्या उत्तराची वाट बघतेय.